शेप्याच्या कोयी

आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. मॅडम चुकल्या की मुलं गालातल्या गालात हसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण ही चूक जरा मोठी होती. तिच्यापायी एक अख्खं झाड हातचं गेलं म्हणा ना.

आमच्या शाळेकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक जुना गावरान आंबा होता. त्याचं नाव शेप्या. फळाला शेपूचा वास, म्हणून शेप्या. मेहकर-चिखलीकडच्या गावांत अजूनही अशी नावं ऐकू येतात. गोटी, खोबऱ्या, शेंदऱ्या, केळ्या. ती पुस्तकात सापडत नाहीत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात. खरं सांगायचं तर शेप्याचा रस कुणी मिटक्या मारत खात नसे. पण लोणच्याला त्याच्यासारखी कैरी नाही, असं गावातल्या आज्या छातीठोकपणे सांगायच्या.

तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं ठरलं आणि शेप्याच्या खोडावर लाल रंगाचा आकडा पडला. झाड जाणार हे नक्की झालं. तेव्हा पोरांनीच तोड काढली. झाड गेलं तर गेलं, आपण कोयी राखू! मे महिन्याच्या अखेरीस पाडाचे आंबे पडू लागले. शाळेला सुट्टी होती, तरी शाळेच्या मागे बसून सगळ्यांनी आंबे चोखले आणि दोन घमेली कोयी जमवल्या.

आता त्या ठेवायच्या कशा? मी शेतकऱ्याची मुलगी. ज्वारीचं, तुरीचं बी कडक उन्हात वाळवायचं, दाताखाली कट्‌कन वाजलं की राखेत घालून मडक्यात भरायचं, हे मी घरात पाहत आलेली. तेच मी मुलांना सांगितलं. कोयी धुतल्या, शाळेच्या गच्चीवर पसरल्या आणि आपल्या वऱ्हाडच्या उन्हात तीन आठवडे खडखडीत वाळवल्या. मग पोत्यात भरल्या. पाऊस बसल्यावर पिशव्यांत माती आणि शेणखत घालून लावल्या. पोरं रोज पाणी घालत होती.

महिना झाला. एकही उगवली नाही.

एक पिशवी फोडून पाहिली. कोयीच्या आतली डाळ काळी पडून आक्रसली होती, वर बुरशी. तेवढ्यात मागून पिपाणीचा आवाज आला. तुमच्यातल्या पुष्कळांना ही पिपाणी माहीत असेल. उगवलेली कोय काढायची, आतली डाळ दगडावर घासायची आणि फुंकायची. मी वळून पाहिलं तर तिसरीतला एक मुलगा. कोय कुठून आणली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "उकिरड्यावरून."

शाळेमागच्या उकिरड्यावर गेलो. ज्या दिवशी आंबे चोखले, त्या दिवशी काही आळशी मंडळींनी कोयी घमेल्यात न टाकता तिकडेच भिरकावल्या होत्या. ओल्या कचऱ्यात आणखी दोन रोपं तांबूस पानं काढून उभी होती. आम्ही जपून राखलेल्या मेल्या, आणि फेकलेल्या जगल्या!

तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ज्वारी वायवली तं मरत नायी, मंग कोयच काऊन मेली?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकं धुंडाळली, मोठ्या भावाची बारावीची वनस्पतिशास्त्राची वही मागवली, आणि पुढच्या मोसमात मुलांबरोबर कैऱ्या कापायला बसले. उत्तर आहे, पण त्यासाठी पार मोहोरापासून सुरुवात करावी लागते.

आंब्याच्या एका मोहोरात शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात. त्यांतली पुष्कळशी नुसती नरफुलं, त्यांना फळ धरतच नाही. उरलेल्या फुलात एक इवलंसं अंडाशय असतं आणि त्यात एकच बीजांड. म्हणून तर आंब्यात एकच कोय. माश्या, मधमाश्या फुलांवर बसतात, परागकण येऊन पडतो, त्यातून एक बारीक नळी निघून बीजांडापर्यंत पोचते. ती नळी दोन नरपेशी घेऊन येते. एकीपासून भ्रूण बनतो, म्हणजे उद्याचं झाड. दुसरीपासून त्या भ्रूणाची शिदोरी बनते, तिला भ्रूणपोष म्हणतात. हे दुहेरी लग्न सेर्गेई नवाशिन या शास्त्रज्ञानं १८९८ साली प्रथम ओळखलं.

हे झालं की बीजांड लगेच कामाला लागतं. पहिलं काम कोणतं असेल? निरोप धाडायचं! बीजांडाजवळ तोंड नाही, पण रसायनं आहेत. अशा निरोप्या रसायनांना संप्रेरकं म्हणतात. तुमच्या-आमच्या शरीरातही ती असतात. उंची वाढते ती त्यांच्याच सांगण्यावरून. कोवळ्या बीतून ऑक्सिन नावाचं संप्रेरक निघतं आणि कैरीतून देठाकडे वाहत राहतं. निरोप असा, 'मी जिवंत आहे, मला धरून ठेव.' जोवर हा निरोप येतोय तोवर देठ घट्ट. निरोप थांबला की देठाच्या सांध्यातल्या पेशी सुट्या होऊ लागतात. तिथे इथिलीन नावाचा वायू त्यांना घाई करतो, काही प्रथिनं पेशींना जोडणारा चिकट थर विरघळवतात, आणि कैरी खाली.

आम्ही झाडाखाली गळलेल्या वाटाण्याएवढ्या, बोराएवढ्या कैऱ्या गोळा केल्या. त्याच आकाराच्या थोड्या कैऱ्या झाडावरून तोडल्या. ब्लेडनं मीच कापल्या (तुम्ही करणार असाल तर घरच्या मोठ्या माणसाकडून कापून घ्या, आणि चीक अंगाला लागू देऊ नका, कातडी भाजते). झाडावरच्या कैरीत बी पांढरंशुभ्र, टचटचीत होतं. गळलेल्या बहुतेक कैऱ्यांत ते तपकिरी पडून सुरकुतलेलं. तोपर्यंत मी दरवर्षी वर्गात सांगायची, वाऱ्यानं कैऱ्या गळतात. वारा काय, निमित्त! आतलं बी आधीच गेलेलं असतं. अर्थात सगळीच गळ अशी नव्हे हं. पाण्याचा ताण, उन्हाचा चटका, तुडतुडे, भुरी यांनीही कैऱ्या पडतात. आणि प्रत्येक फुलाचा आंबा झाला असता तर फांद्याच मोडल्या असत्या. हजार फुलांतून एखाददुसरा आंबा झाडावर पिकतो.

हे बीच फळाला वाढवतं याचा एक सुंदर पुरावा स्ट्रॉबेरीवर मिळाला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पाहिली असेल तुम्ही, निदान चित्रात तरी. तिच्या अंगावर तिळाएवढे दाणे असतात, त्यांच्या आत बिया. झाँ नित्श या शास्त्रज्ञानं १९५० साली कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे हे दाणे टोकरून काढले. फळ वाढायचं थांबलं. मग दाण्यांच्या जागी ऑक्सिनचा लेप लावला, तर फळ पुन्हा फुगलं! काही फळांवर त्यानं एका बाजूचेच दाणे ठेवले, तर ती तेवढ्याच बाजूनं वाढून वाकडीतिकडी झाली. एका बाजूनं चपटी राहिलेली काकडी किंवा दोडका बाजारात दिसला की आता नुसतं हसू नका, कापून आतल्या बिया पाहा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत चला. थॉमसन सीडलेस द्राक्षात बी धरतं, पण कोवळेपणीच मरतं. मण्याला 'वाढ' म्हणून सांगणारं आत कुणी राहत नाही. म्हणून बागाईतदार काय करतात? जिबरेलिन नावाच्या संप्रेरकाच्या पाण्यात घड बुडवतात. जे काम बीनं फुकट केलं असतं ते बादलीतून करावं लागतं! हे जिबरेलिन सापडलं जपानमध्ये, भाताच्या एका रोगातून. रोपं बावळटासारखी उंच वाढून कोलमडायची. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं की त्या रोगाची बुरशी जे रसायन सोडते, त्यानं ती वाढतात. पुढे कळलं, झाडं स्वतःही ते बनवतात.

आता कोयीच्या आत डोकावू. कैरी लहान असताना बी कापलं तर आतून पाण्यासारखा रस निघतो. ती भ्रूणाची शिदोरी. शहाळ्याचं पाणी तुम्ही पिता ना? तेही हेच, नारळाचा पातळ भ्रूणपोष. आणि मलई म्हणजे तोच घट्ट होऊ लागलेला. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी धोतऱ्याचे अगदी बारीक भ्रूण बीतून बाहेर काढून नारळाच्या पाण्यात वाढवून दाखवले. त्या पाण्यात पेशींना 'एकीच्या दोन व्हा, दोहोंच्या चार व्हा' असं सांगणारी संप्रेरकं असतात. त्यांचं नाव सायटोकायनिन. मक्याच्या दुधाळ दाण्यांतून यांतलंच एक न्यूझीलंडच्या लेथॅम यांनी शोधून काढलं. हुरड्यात आणि कोवळ्या कणसात जो दुधासारखा रस येतो, तिथे ही गडबड चाललेली असते, आणि आपण ती मीठ लावून खातो!

कैरी लिंबाएवढी झाली की भ्रूण शिदोरी संपवू लागतो आणि ती स्वतःच्या दोन डाळींत भरून घेतो. या वेळची कोय पांढरी, बुळबुळीत असते. बोटांच्या चिमटीत दाबली की सुळ्ळकन उडते. ज्याच्या अंगावर पडेल त्याला लग्नावरून चिडवायचं, हा आमच्या लहानपणी आखाजीच्या सुमाराचा आवडता उद्योग होता. मग वरचं कवच कडक होतं, जाळी धरते, आणि उडवाउडवी बंद.

डाळींत काय भरतात ते झाडागणिक वेगळं. आंब्याच्या कोयीत पिठूळ पदार्थ आणि तेल जास्त, प्रथिनं बेताची. चिंचोक्यात आणि तुरीत प्रथिनांची भर मोठी. इथे प्रथिनांची दोन कामं लक्षात ठेवा. काही प्रथिनं म्हणजे कोठारातलं धान्य, उगवताना रोपानं खायचं. दुसरी म्हणजे कामकरी मंडळी. जोडणारी, तोडणारी, दुरुस्ती करणारी. माझ्या कोयींचा घात झाला तो या दुसऱ्या प्रकारावरून.

चिंच आणि आंबा शेजारी ठेवून पाहा. चिंच पिकत आली की सालीच्या आत गर आक्रसतो, साल सुटते, शेंग हलवली तर वाजते. चिंचोका आतल्या आत वाळतो, तोही आईच्या अंगावर असताना! बी अशा वेळी आणखी एका संप्रेरकाचं सांगणं ऐकतं. त्याचं नाव ॲबसिसिक आम्ल. ते म्हणतं, 'आता उगवू नको. सामान बांध आणि झोप.' हा निरोप आला की बी वाळवणीची तयारी करतं. विशेष साखरा साठवतं आणि एका खास जातीची प्रथिनं भरपूर बनवतं.

ही प्रथिनं कुठे ओळखली गेली, सांगा बघू? आपल्या कपाशीच्या सरकीत! अमेरिकेतले लिऑन ड्युर आणि त्यांचे सोबती सरकीतला भ्रूण कसा वाढतो ते पाहत होते. १९८१ साली त्यांनी दाखवलं की भ्रूण तयार होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर काही प्रथिनं एकदम भरपूर होतात. म्हणून त्यांचं नावच 'भ्रूणाच्या अखेरच्या काळी विपुल असणारी प्रथिनं' असं पडलं; इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना लीआ म्हणतात. खामगावच्या बाजारात गाड्या भरून कापूस येतो, त्यातल्या प्रत्येक सरकीत ती आहेत.

ती करतात काय? पेशीत पाणी असतं तोवर आतल्या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून असतात. पाणी गेलं की त्या एकमेकींना चिकटतात, पातळ पडदे फाटतात, बाकीच्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर गोठतो, मग परत पातळ होत नाही, तसंच काहीसं. लीआ प्रथिनं आणि त्या साखरा पाण्याची रिकामी जागा सांभाळतात. आपण काचेची भांडी पेटीत भरताना मध्ये चिंध्या घालतो ना, तसं. मग साठवणीतल्या ज्वारीत दहा-बारा टक्केच ओल उरली तरी आतलं सगळं शाबूत राहतं. ही बांधणी किती टिकावी? इस्राएलच्या मसाडा किल्ल्यात खजुराच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या होत्या. त्यांतली एक २००५ साली उगवली!

आणि आंबा? आंब्याचा भ्रूण झोपायला जातच नाही. कोय झाडावरून पडते तेव्हा आतली डाळ ओली असते, निम्म्याच्या आसपास पाणी, आणि वाढ चालूच असते. वाळवणीची सगळी तयारी एकत्र झालेलीच नसते. (अशा बियांत लीआपैकी काहीच नसतं असं नाही, काहींत थोडी सापडली आहेत. पण चार चिंध्या घालून पेटी भरत नाही.) अशा बियांना रॉबर्ट्स या शास्त्रज्ञानं १९७३ साली जे इंग्रजी नाव दिलं, त्याचा अर्थ 'हट्टी' असा होतो. वाळवा म्हटलं तर वाळत नाहीत, मरतात. जांभूळ हट्टी, फणसाची आठळी हट्टी.

हा हट्ट वेडगळ नाही बरं का. आपला गावरान आंबा पडतो मे-जूनमध्ये. जांभूळही त्याच सुमाराला. चार-आठ दिवसांत मृगाचा पाऊस. मग झोपायचं कशाला? जी कोय आधी उगवली तिला आख्खा पावसाळा मिळाला. चिंचेचं उलटं. तिची शेंग पिकते ऐन उन्हाळ्याच्या तोंडी, पुढे महिनेच्या महिने कोरडे. तिला थांबणं भागच आहे. आणि कोकणात खाडीतल्या कांदळाची तर आणखी मजा. त्याचं बी झाडावर लटकलेलं असतानाच उगवतं आणि हातभर मोड काढून मगच खाली चिखलात पडतं.

या घाईचा त्रासही होतो. हापूस कापल्यावर कधी कधी आत पांढरट, आंबूस, कापसासारखा भाग निघतो. त्याला साका म्हणतात. बाहेरून आंबा देखणा, त्यामुळे व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघंही फसतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या रवींद्र आणि शिवशंकर यांनी २००४ आणि २००६ साली याचं मूळ कोयीत असल्याचं मांडलं. फळ पिकण्याआधीच आतली कोय उगवण्याच्या तयारीला लागते आणि भोवतालचा गर बिघडतो. मुंबईच्या बाजारात पेटीच्या पेटी परत येते, त्याला कारण एक न झोपलेलं बी!

तर मी काय केलं होतं, ते आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. जिनं पेटी भरलेलीच नाही, तिला मी तीन आठवडे गच्चीवर उन्हात ठेवलं होतं.

चौथीतल्या त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग आपन त्यायले मारलं."

हो, मारलं.

उकिरड्यावरची ती दोन रोपं आम्ही मातीच्या गोळ्यासकट उचलून शाळेच्या कुंपणाशी लावली. शेळ्यांच्या तोंडातून दोन वेळा वाचली. आता ती माझ्या खांद्याला लागतात. पण ती शेप्याच आहेत का? आई शेप्या हे नक्की. फुलावर पराग कुठल्या आंब्याचा येऊन पडला, ते त्या माशीलाच ठाऊक. हुबेहूब तोच आंबा हवा असता तर झाड उभं असताना त्याच्या काड्या घेऊन कलम बांधायला हवं होतं. ताज्या उगवलेल्या कोयीवरच काडी बसवतात, त्याला कोय-कलम म्हणतात. हेही मला उशिरा कळलं. झाड पडल्यावर काडी कुठून आणणार?

गावात अजून एक खोबऱ्या आणि दोन गोटी आहेत. यंदा त्यांच्या कोयी आम्ही चोखल्याबरोबर लावणार आहोत; फार तर दोन-चार दिवस ओल्या गोणपाटात ठेवू. आणि चार कोयी मुद्दाम गच्चीवर वाळवणार आहोत, नव्या चौथीला पाहता यावं म्हणून. तुम्हीही करून पाहा. एका कुंडीत ताजी कोय, दुसऱ्या कुंडीत तीन आठवडे वाळवलेली, तिसऱ्या कुंडीत वाळलेला चिंचोका. चिंचोक्याची साल टणक असते, तो रात्रभर पाण्यात भिजवून मग लावा. कोणती कितव्या दिवशी उगवली ते वहीत लिहून मला पत्रानं कळवा. तुमच्या गावच्या गावरान आंब्यांची नावंही लिहा. घरच्या आजी-आजोबांना विचारलं तर पुष्कळ निघतील.

कुंपणाजवळच्या दोन आंब्यांपैकी कुणाला शेपूचा वास येतो, ते फळ धरल्यावरच कळेल. कोयीच्या झाडाला त्यासाठी सहा-सात वर्षं तरी लागतात, कधी जास्तही. ती मुलगी तेव्हा अकरावीत असेल. पहिली कैरी कापायला मला बोलवा, असं तिनं आत्ताच सांगून ठेवलं आहे.